बटणं निवडणारा हात

३ जानेवारी

जावयाने परत टेबल अडवलंय. लिफ्टची दुरुस्ती करणारा माणूस — दिवसभर लोकांना वरखाली पोचवतो आणि घरी आला की रोबो-रोबो खेळतो. मागच्या वर्षीचा रोबो दोन पावलं चालून तोंडावर आपटला. डोकं मोटारीचं, पाय काडीचे. वर जड आणि खाली हलकं, उभं राहील कसं? स्टुलावर चढून माळा आवरणाऱ्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं.

या वेळी नुसता हात बनवतोय. कशाला विचारलं तर म्हणे, "बघू." बघू म्हणणाऱ्याचं आधीच बघून झालेलं असतं.

५ जानेवारी

नात शाळेतून आली ती बोलूनच गेली — "आजी, बाबांचा हात बटणं निवडणारे."

या घरात बटणं कोण निवडतं? मी. लेकीचं खाली शिवणाचं दुकान. घाऊक पोत्यात सगळी बटणं एकत्र येतात, ती रंगारंगाने डब्यांत लावायचं काम माझं, सहा वर्षं झाली. जावयाच्या घरी राहते, पण फुकट खात नाही, एवढ्यावर मान वर आहे. ते काम गेलं की मी कोण? कोपऱ्यातली म्हातारी. वाढा, औषध द्या, गप्प बसवा.

लेकीकडे बघितलं. तिने खाली मान घालून सुई ओवली. म्हणजे तिलाही ठाऊक आहे.

९ जानेवारी

यंत्र बघतं कसं ते विचारून घेतलं. वैऱ्याची माहिती असावी. जावई खूश. "आई, बटणावर दिवा टाकायचा आणि उजेड परत किती येतो ते मोजायचं. पांढरं बटण बहुतेक सगळा परत देतं. काळं गिळून बसतं."

"आणि निळं?"

"ते निळा उजेड तेवढा परत देतं, बाकीचा गिळतं."

एवढं बोलून माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. का? पोटात काहीतरी ठेवून आहे हा माणूस.

१० जानेवारी

हात चांगला हातभर लांब केलाय. बटण उचललं की थरथरतो, मोटार कण्हते. सकाळपासून जावई स्क्रू पिळतोय. शेवटी मलाच बघवेना. म्हटलं, "भरलेली बादली अंगालगत धरली तर नेता येते. हात लांब करून धरा बघू. आखूड करा तो."

केला आखूड. थरथर गेली. "आई, यालाच आम्ही टॉर्क म्हणतो." म्हणा. मी बादली म्हणते.

आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. ही जीभ माझी वैरीण.

१४ जानेवारी

दोघं स्वयंपाकघरात कुजबुजत होती. मी आत गेले तशी लेक म्हणाली, "आई, भाजीत मीठ कमी झालंय का गं?" भाजी अजून चिरायचीच होती.

१५ जानेवारी

दाराआडून ऐकलं. ऐकू नये म्हणतात, पण मग लोकांनी कुजबुजू नये.

लेक — "किती दिवस लपवायचं?"

जावई — "मन मोडेल त्यांचं."

लेक — "गिऱ्हाईक थांबत नाही कोणाचं मन बघून."

आता उरलं काय समजायचं? तोंडाने सांगायची हिंमत नाही, म्हणून यंत्र पुढे केलंय. माणसाला उठ म्हणण्यापेक्षा त्याच्या जागेवर दुसरं काही ठेवलेलं सोपं. याची गोड बोलण्याची रीतच मला पहिल्यापासून पटली नाही. लग्नातसुद्धा सगळ्यांना आधी जेवायला बसवत होता. एवढं चांगलं कोणी उगाच वागत नाही.

१९ जानेवारी

दिवा बदलला. आधी नुसता तांबडा होता. आता तांबडा, हिरवा, निळा असे पाळीपाळीने पेटतात. जावई सांगत होता, तांबड्या उजेडात काळं आणि गडद निळं सारखंच, दोघंही गिळून बसतात. निळा टाकला की फरक कळतो.

एवढी खटपट फक्त काळ्या-निळ्यासाठी? लाल-पिवळ्याचं याला काहीच पडलेलं नाही. यात गोम आहे.

२२ जानेवारी

दुपारी घरात कोणी नव्हतं. यंत्राची परीक्षा घेतली. मी निवडलेला काळ्या बटणांचा डबा — एकेक डोळ्यांखालून घातलेलं — त्याच्यापुढे ओतला आणि कळ दाबली. एक उचललं, काळ्यात. दुसरं काळ्यात. तिसरं उचललं आणि खुशाल निळ्यात! असं करत करत डबाभर काळ्यांतली सतरा बटणं निळ्यात टाकली गधड्याने. मी एवढी हसले की ठसका लागला.

सतरा बटणं रुमालात बांधली. उद्या बटणवाल्याकडे. चाळीस वर्षं याच धंद्यात आहे तो. त्याच्या तोंडून वदवून घेते आणि आणून जावयापुढे ठेवते. मग बघू कोण कोणाच्या जागेवर बसतं.

२३ जानेवारी

बटणवाल्याने बटणं तळहातावर घेतली, दुकानाच्या पायरीवर येऊन उन्हात धरली. म्हटलं, "काळीच ना?"

त्याने एकेक उलटून बघितलं. मग म्हणाला, "आजी, ही नेव्ही ब्लू आहेत. सतराच्या सतरा."

म्हटलं, तुमचे डोळे तपासून घ्या. त्याने शेजारच्या घड्याळवाल्याला हाक मारली. घड्याळवाल्याने भिंग लावून बघितली. "निळी." त्याचं भिंग घेऊन मीही बघितलं. काळी. उलटी केली, उन्हात धरली. काळीच.

बटणवाला हळूच म्हणाला, "तुमचे जावई आले होते डिसेंबरात. काळी आणि नेव्ही, दोन्हीची पाकिटं यंत्राला नमुना म्हणून घेऊन गेले. कोणाच्यातरी काळ्या कोटाला निळी बटणं लागली म्हणे, गिऱ्हाईक येऊन भांडलं."

त्या कोटाची बटणं माझ्याच डब्यातली असणार. काळ्याचे सगळे डबे माझेच.

परत येताना दोनदा कट्ट्यावर बसले. पाय दुखत नव्हते.

२४ जानेवारी

लेकीला सरळ विचारलं. तिने शिवणयंत्र थांबवलं. "कोट परत आला त्याच दिवशी मी म्हटलं होतं, आईकडून काम काढून घेऊ. हाच अडून बसला. म्हणाला, त्यांना निवडू दे. मागाहून यंत्र बघेल, त्यांना कळायचंही नाही."

डोळ्यांच्या डॉक्टरकडे सोमवारी जायचं ठरलं. लेक म्हणाली, मी येते बरोबर. म्हटलं, तू दुकान बघ. मला जावई नेतील.