पाचवा गट

प्रिय टिटवे,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले. पडदे दिवसभर ओढलेले असतात आणि जेवायला दहादा हाक मारावी लागते, असं आई म्हणाली. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच. मधेच टाकलंस तर माझी शपथ आहे.

इकडे ऑफिसात नुसती धुमश्चक्री चालली होती. आमच्या संस्थेने नैराश्याच्या रुग्णांकडून एक लांबलचक प्रश्नावली भरून घेतली होती. झोप लागते का, आपण कुचकामी आहोत असं किती वेळा वाटतं, असले प्रश्न. ज्यांची उत्तरं एकमेकांच्या जवळ, त्यांना संगणक एका गटात घालतो. आमच्या सरांनी त्याच्याकडे पाच गट मागितले, पाच मिळाले. मग बारसंही झालं. पाचव्याचं नाव ठेवलं 'दाद न देणारे', म्हणजे उपचारांना. दवाखाने ते वापरायलाही लागले. समुपदेशक मोजकेच, तेव्हा पाचव्या गटाला फक्त गोळ्या, आणि बोलायची वेळ इतरांना.

आकडे तपासणारी म्हणून हे सगळं माझ्याकडे आलं ते त्यानंतर, आणि तेही नुसतं सहीपुरतं. मी आधी तपासायला घेतलं. संगणकाला बनावट उत्तरं दिली, फासे टाकून काढावीत तशी, ज्यांच्यामागे माणूसच नाही. त्यातूनही त्याने पाच सुबक गट काढून दिले. सहा मागितले, तर सहा. बिचारा आज्ञाधारक, नाही म्हणणं त्याला येतच नाही. मग खऱ्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन भाग केले, तर इकडचे गट तिकडच्या गटांशी जुळेनात. काही जणांनी तीच प्रश्नावली महिन्याभराने पुन्हा भरली होती. त्यांतले पाचव्या गटातले निम्मे लोक भलतीकडेच जाऊन बसले. ताटभर वाटाणे पसरून सुरीने रेघा ओढल्या, म्हणून वाटाण्यांच्या पाच जाती होत नाहीत गं.

आपली ओळख करून देताना आई म्हणायची, थोरली अबोल आणि धाकटीच्या तोंडाला कुलूप नाही. बाबांचं ऑपरेशन झालं त्या दिवशी आठवतं? मी, थोरली, दवाखान्याच्या बाकावर बसून अखंड बडबडत होते, आणि तू एक अक्षर न बोलता डॉक्टर, औषधं, रक्त, सगळं निस्तरलंस. आईची दोन्ही लेबलं त्या दिवशी उलटी पडली.

सर माणूस म्हणून वाईट नाहीत. उभं आयुष्य रुग्णांत गेलंय त्यांचं. मला म्हणाले, "बाई, दुखण्याला नाव मिळालं की माणसाला धीर येतो. तुम्ही आकडे बघता, मी माणसं बघतो." मी म्हटलं, "पहिल्या चारांना येत असेल, सर. पाचव्याला काय येतं?" शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, कशाला वाकड्यात शिरतेस, सही कर आणि मोकळी हो. मी सगळे आकडे घेऊन संस्थेच्या समितीपुढे उभी राहिले. दुपार उलटली तरी वाद मिटेना. शेवटी सरांनीच गट मागे घ्यायच्या बाजूने हात वर केला. पुढच्या कामातून मात्र मला वगळलंय. वगळू देत.

एवढी का पेटलीस, असं सगळे विचारत होते. मी सांगितलं नाही. तुझं नाव काढलं असतं, तर बहिणीसाठी भांडतेय म्हणाले असते, आणि माझे आकडे कुणी पाहिलेच नसते. तू आईला म्हणालीस ना, "माझा गटच पाचवा आहे, मला बोलून उपयोग नाही"? ते ऐकलं त्याच संध्याकाळी मी तपासायला बसले होते. तुझा त्रास खरा आहे, त्याबद्दल मी वाद घालत नाही. बरं वाटेलच असं वचनही देत नाही, तेवढं माझ्या आकड्यांतून निघत नाही. पण तुला उपयोग होणार नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. उगाच ठरवलं होतं. तू आधी ज्या समुपदेशक बाईंकडे जायचीस, त्यांच्याकडेच तुझी मंगळवारी सकाळची वेळ परत मिळाली आहे. मी सोमवारी येते. दार उघडलं नाहीस तर जिन्यात बसेन, शेजारी विचारतील तेव्हा तूच काय ते सांग. मंगळवारी आपण चालत जाऊ. केस विंचरले नाहीस तरी चालेल, चपला तेवढ्या घाल.

तुझीच,
ताई