गास्कोन घराची चूल

मी, ओरोसिया, दिवंगत सिप्रियान गास्कोन यांची पत्नी, वय एक्क्याऐंशी, राहणार सेर्वुएस, आरागॉनच्या डोंगरातले गाव, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे नोटरीबाईंनी सांगितले आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. आणायला पुतण्या लेआंद्रो आला होता; त्याला कॉफी पाजून परत पाठवले. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. घर. आमच्या गावात माणसाच्या नावाने घर ओळखत नाहीत, घराच्या नावाने माणूस ओळखतात. जो चूल पेटवतो तो त्या घरचा. घरजावई आला तरी चार दिवसांत त्यालाही तीच हाक. वरच्या आळीत छपरे बसलेली घरे आहेत. त्यांच्या चुली विझल्या आणि नावेही गेली. आता ती मलाच तेवढी आठवतात. माझ्यामागे आमचे घर त्या रांगेत जाऊन बसेल, ही एकच भीती मला आहे. मरणाची नाही.

आम्हांला मूल नसल्याने यजमानांनी हे घर रीतसर माझ्या नावे केले. ते मी, चुलीसकट, व्हिओरिका मोल्दोवान हिला देत आहे. ती रुमेनियाहून आली आणि बरीच वर्षे माझ्यापाशी राहते. मेंढ्या, परसातला कोबी आणि माझी जीभ, तिन्ही तीच सांभाळते.

कलम २. लेआंद्रो, माझ्या दिराचा मुलगा, सारागोसात असतो. त्याचे म्हणणे, "काकू, घर रक्तातच राहायला हवं. आपलं घराणं पलीकडचं, मोठं!" ते घराणे शोधायला तो मोटार घेऊन डोंगरापलीकडे, फ्रान्सातल्या गास्कुन्या मुलखात गेला. गावोगाव चौकशी केली. या आडनावाचा एकही माणूस त्याला भेटला नाही. बदक खाऊन परत आला.

मी त्याला म्हटले, "अरे शहाण्या, तिथं सगळेच गास्कोन. कोण कुणाला त्या नावानं हाक मारणार? जो तिथून उठून आला, त्यालाच ते चिकटलं." कातालान भाषेत गास्को म्हणतात, पोर्तुगीजांत गास्कांव, अर्थ सगळीकडे एकच, हा मूळचा इथला नव्हे. शिवाय त्या मुलखाला नाव पडले ते आमच्याच बाजूच्या वास्कोन लोकांवरून, असे आमचे जुने मास्तर सांगत. म्हणजे मूळ शोधता शोधता लेआंद्रो फिरून आमच्याच कोबीत येऊन उभा राहायचा.

तरीही मी इस्पितळात असताना त्याने दुकानातून आणलेले दगडी कुलचिन्ह दारावर बसवून घेतले. त्यावर सिंह आहे. आमच्या घराण्याने सिंह पाहिल्याची माहिती नाही. तो दगड सिंहासकट त्याला द्यावा, आणि काढताना पडेल तो गिलावाही. यजमानांचे खिशातले घड्याळ त्यालाच. लहानपणी तो ते कानाशी धरून झोपायचा; तेव्हा तो मला फार आवडायचा, आणि खरे सांगायचे तर अजूनही आवडतो.

कलम ३. लोकरीची मोठी कात्री शेजारी उर्बेझ याला. ती त्याने उसनी नेली त्याला तीस वर्षे झाली; आता तरी ती त्याची होवो. मी खिंड ओलांडून शेजारच्या नवारा मुलखातून लग्न करून आले, तेव्हा हाच भर मांडवात म्हणाला होता, "सिप्रियान, आपल्याकडच्या पोरी संपल्या का रे?" तेव्हापासून गावाने मला 'नवारा' म्हटले. सासूच्या प्रेतयात्रेतसुद्धा मागून कुजबुज आली, "नवाराच्या डोळ्यांत पाणी आहे का बघा." होते. आणि हा उर्बेझ कोणत्या घरचा? कातालान घरचा! त्याचे पूर्वज काय इथल्या खडकातून उगवले होते?

कलम ४. व्हिओरिकाने घरासोबत गास्कोन हे आडनाव कागदोपत्री लावावे, नाहीतर घर मिळणार नाही. (हे कलम मी स्वतः खोडले आहे. कारण खाली देते.)

अट ऐकून ती म्हणाली, "चूल विझू देणार नाही, मावशी. पण नाव नको."

"काय एवढं सोनं लागलंय त्या मोल्दोवानला?"

"आमचे लोक मोल्दोवातून डोंगर ओलांडून दुसऱ्या गावात आले, तेव्हा त्या गावानं ठेवलेलं नाव आहे ते. बापाकडून मला तेवढंच आलंय. आणि तुमचं गाव मला काय म्हणतं? रुमानी! लावायचंच तर ते लावते की!"

"मग जा, सिंहवाल्यालाच देते घर!"

"द्या. पण आधी गोळी घ्या."

त्यानंतर आमचे बोलणे बंद झाले. सूप येत होते, मीठ येत नव्हते. अळणी सूप पिताना माझ्या ध्यानात आले की नाव लावून घेण्याची सक्ती इथे कधी कोणी कोणावर केलीच नव्हती. हाक मारायची ती गावाने. गाव करी ते राव न करी, तिथे नोटरी काय करणार? मग मी पेन मागितले. घर तिला बिनशर्त.

कलम ५. देवळात प्रत्येक घराची जागा ठरलेली आहे. माझ्या अंत्यविधीला आमच्या घरच्या जागेवर व्हिओरिकाने बसावे आणि मेणबत्ती लावावी. ती ऑर्थोडॉक्स पंथाची, क्रॉसची खूण आमच्या उलट बाजूने करते. देवाला दोन्ही बाजू दिसतात.

सही करण्याआधी एक नोंद. आज सकाळी पाववाल्याने चौकात गाडी उभी केली आणि नेहमीप्रमाणे एकेका घराचे नाव पुकारले. "गास्कोन!" अशी हाक आली तेव्हा मी काठी शोधत होते. व्हिओरिका भांडी टाकून साबणाच्या हातांनी दाराकडे धावली. "आले, आले!" तिने ओ दिली. पाव टेबलावर ठेवून ती पुन्हा भांड्यांकडे वळली. कलम ४ खोडलेलेच राहील.

सही: ओरोसिया
साक्षीदार: १. बाल्बिना, घर फ्रान्सेस
२. उर्बेझ, घर कातालान (चष्मा घरी राहिल्याने मजकूर न वाचता)
स्थळ: सेर्वुएस
दिनांक: १४ नोव्हेंबर २०१९