ज्वाळा बसल्यावर

रविवार, १२ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा तेवढा कुरकुरतोय. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लिहितेय.

आमच्या कारखान्यातले भट्टीवाले मामा भाजले, तुला ठाऊकच आहे. दोन्ही हात गेल्यासारखे आहेत. काल भेटून आले. मामी त्यांना चमच्याने पाणी पाजत होत्या. मामांचं एकच चाललं होतं, "अगं, ज्वाळा बसली होती. लाकूड विझलेलं मला कळत नाही का?" साहेब म्हणतात, म्हाताऱ्याचं लक्ष नव्हतं.

मला पटेना. कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी लाकडाच्या ढलप्या आणि स्वस्तातला दगडी कोळसा वेगवेगळा जाळून पाहिला. लाकूड चटकन पेटतं, लांब पिवळ्या ज्वाळेनं जळतं, लवकर आटोपतं. मागे चिमूटभर राख. कोळसा आधी रुसून बसतो, धुरकटतो, आणि मग वरून निवांत दिसत आत धगधगत राहतो. राख ढीगभर, खरखरीत. शेवटी दोन्ही मिसळून पेटवलं. लाकूड संपलं, ज्वाळा बसली, खाली कोळसा लालच. मामांनी विझलं समजून राख ओढायला दार उघडलं, तेव्हा हेच निखारे भडकून त्यांच्या हातांवर आले असणार. भट्टीतली राख बोटांत चोळून पाहिली. निव्वळ लाकडाची नव्हे ती.

आमच्याकडे लाकूड एकटा तूच पुरवतोस, तेही वजनावर.

तपासणीच्या ढलप्या नेहमी तूच वरच्या थरातून काढून देतोस. "तू कशाला ट्रकवर चढतेस, पडशील." मला ती माया वाटायची. परवा वहिनी सहज म्हणाली, "लाकडाच्या धंद्यात ह्यांचे शर्ट इतके काळे कसे होतात गं?" मी हसण्यावारी नेलं.

शुक्रवारी तू नव्हतास. मी ट्रकवर चढले, तळापर्यंत हात घातला. काय लागलं ते लिहीत नाही. ड्रायव्हरनं परस्पर केलं असेल तर तसं सांग. मी तुझी माफी मागेन आणि मनापासून मागेन. पण दादा, तुझा आवाज मी ओळखते. मामांचं नाव काढलं की तो बदलतो.

गुरुवारी साहेब मामांना कामावरून काढणार आहेत. त्याआधी ये. मामांसमोर बस आणि स्वतः बोल. मी सोबत येईन. आला नाहीस तर साहेबांकडे एकटीच जाईन.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. ते तूच सांग.

तुझीच, अजून तरी,
छोटी