जूडिथच्या बाळाचा श्वास

वेनफोर्ड, ९ एप्रिल १७४२

चि. केझाया हिस डॅमरिस मावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

खोकल्याचा काढा पोचला. इतका कडू, म्हणजे तुझ्या औषधं करणाऱ्या मामांनी नव्हे, तूच उकळलेला. त्या पुस्तकं बांधणाऱ्या तरुणाला अजून ताटकळत ठेवलंयस का? बाई गं, माणूस म्हणजे बरणी नव्हे, झाकण लावून फळीवर ठेवायला.

इकडची बातमी वाईट आहे. हॅरॉपांची मोलकरीण जूडिथ, बिनलग्नाची, कोंडून ठेवली आहे. धुण्याच्या खोलीत लाकडांखाली तिचं मेलेलं मूल सापडलं. एकटीच बाळंत झाली, असं ती सांगते. अशा मृत्यूंची चौकशी करणारे कोरोनर आले, गुत्त्यातल्या टेबलावर मूल ठेवलं, गावचे पंच एकेक करून बघून गेले. मूल पुऱ्या दिवसांचं, नाळ दोन ठिकाणी बांधलेली. शस्त्रवैद्याने फुफ्फुस पाण्याच्या बादलीत सोडलं, ते तरंगलं. मूल श्वास घेऊन मेलं, आईनेच मारलं, असं आता सगळे धरून चालले आहेत. कुणाला काही सांगायचं असेल तर कोरोनरांनी बावीस तारखेपर्यंत थांबायचं कबूल केलंय.

सहज विचारते. तरंगलं म्हणजे श्वास घेतलाच, हे पक्कं असतं का?

तब्येतीला जप. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी मावशी

श्रूजबरी, १२ एप्रिल

ती. मावशीस केझायाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पक्कं नसतं. खात्रीसाठी मी खाटकाकडून मेलेलंच जन्मलेलं कोकरू आणवलं. त्याचं फुफ्फुस बुडालं. मग श्वासनळीत पिसाची नळी घालून हलकेच फुंकलं. तेच फुफ्फुस तरंगलं. मामांनीही पाहिलं. कुणी मुलाच्या तोंडात फुंकर घातली असेल, तर बादलीतल्या पाण्याला फरक कळत नाही.

आता मी विचारते, आणि सहज नाही. पहिलटकरीण, अंधारात, एकटी. तिने नाळेला दोन गाठी बांधल्या? एक बांधली असती तरी मला नवल वाटलं असतं. दोन गाठी तू बांधतेस. मला तूच शिकवल्यास.

पुस्तकं बांधणारा ठीक आहे. काढा संपव. उत्तराची वाट पाहते.
केझाया

वेनफोर्ड, १५ एप्रिल

चि. केझाया हिस आशीर्वाद.

तुझ्यापासून काही लपत नाही, लहानपणीही असंच वैताग द्यायचीस. होय, मी होते. हॅरॉपबाईंनी मागच्या दाराने नेलं. मूल त्यांच्या थोरल्याचं. मेलेलंच बाहेर आलं, निळं. तरी पुष्कळ वेळ त्याच्या तोंडात फुंकत राहिले. जूडिथला परगावी धाडते, कुणाला कळणार नाही, असं बाई म्हणाल्या आणि मी मान डोलावली. आता त्या म्हणतात, त्यांना मुलीला दिवस गेल्याचंसुद्धा ठाऊक नव्हतं.

सुईणपणाच्या परवान्यासाठी मी बिशपांपुढे शपथ घेतलेली आहे: चोरून बाळंतपण करणार नाही, बापाचं नाव दडवणार नाही. बोलले की परवाना गेला, आणि या वयात मला दुसरं काय येतं? जूडिथने माझं नाव घेतलेलं नाही. घेऊ नकोस, असं मीच बजावलं होतं.

तूच ये ना. कोकराचं सांग. तुझ्या मामांचं नाव आहे, कोरोनर ऐकतील. मग माझी गरजच उरणार नाही.

तुझ्यावर भरवसा ठेवून बसलेली,
मावशी

श्रूजबरी, १७ एप्रिल

ती. मावशीस नमस्कार.

मी येणार नाही. आले तर एवढंच सांगू शकेन की फुफ्फुस फुंकरीनेही तरंगतं. इथे तसंच झालं, हे मी सांगू शकत नाही. मी तिथे नव्हते.

कायदा मी मामांच्या वकिलाला विचारला. बिनलग्नाच्या बाईने मेलेलं मूल लपवलं तर ते तिनेच मारलं असं धरायचं. ते मेलेलंच जन्मलं, हे डोळ्यांनी पाहिलेलं एक तरी माणूस उभं राहिलं तरच ती सुटते. एक पुरे. असं माणूस तूच आहेस. हॅरॉपबाई उभ्या राहणार नाहीत.

परवान्याचं काही होणार नाही, असं लिहून तुला धीर देता आला असता. ते खरं नाही.
केझाया

वेनफोर्ड, २३ एप्रिल

चि. केझाया हिस आशीर्वाद.

गेले. गुत्ता गच्च भरलेला. पंचांचा म्होरक्या कॉबल्ड लोहार. त्याची सगळी पोरं माझ्या हातची, पण त्याने ओळख दाखवली नाही, आणि बरं केलं. मी बापाचं नावही सांगितलं, तशी हॅरॉपबाई उठून गेल्या. शस्त्रवैद्य म्हणाला, बाई मुलीला वाचवायला गोष्ट रचतेय. कॉबल्डने मला विचारलं, मूल मेलेलंच होतं हे कशावरून? मी म्हटलं, “मी फुंकत होते तोवर त्याची छाती हलत होती. मी थांबले की तीही थांबत होती.”

पंचांनी निकाल दिला, मूल मेलेलंच जन्मलं. जूडिथला सोडलं. सध्या माझ्याच स्वयंपाकघरात बसून माझी भाकरी करपवतेय.

आज सकाळी चर्चचा माणूस परवाना घेऊन गेला. तुझ्यावर रागावले आहे की नाही, ते अजून ठरवलेलं नाही.
मावशी

श्रूजबरी, २६ एप्रिल

ती. मावशीस केझायाचा शि. सा. नमस्कार.

मामा म्हणतात, तुझा परवाना माझ्यामुळे गेला. बरोबर आहे. पुन्हा वेळ आली तरी मी तेच लिहीन. पण ते पत्र मी आधी पुष्कळदा लिहून फाडलं, हे तुला ठाऊक असावं.

तुझं पंचांपुढचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात मला काही दुरुस्त करता आलं नाही.

शनिवारच्या गाडीने येते. रागावायचं असेल तर आधी दार उघड, मग रागाव.

तुझ्या मायेची सवय असलेली,
केझाया