डाव्या सीटचे अठ्ठावीस टक्के

३ जानेवारी, सकाळी ७
संकल्प : रोज चालणे. सिम्युलेटरच्या, म्हणजे नकली कॉकपिटमधल्या, परीक्षेआधी पुस्तक उघडणे (यंदा खरंच). रोजनिशी लिहिणे. तिसरा सुरू झाला. चालायला गुडघा नको म्हणतो.

पगारवाढीच्या बोलणीसाठी पायलट संघटनेने एकमताने मला निवडलं. आमच्यात सगळं सीटवर चालतं. डावीकडे माझ्यासारखा कॅप्टन, उजवीकडे को-पायलट. जावई उजवीकडचा. त्यानेच सगळी उजवी बाजू माझ्यामागे उभी केली. मी सही करीन ते त्यांना मान्य, असं त्यांच्याकडून लिहूनही घेतलं. गुणी आहे.

भाषणात मी म्हणालो, डावी असो की उजवी, सरसकट अठरा टक्के! एका टक्क्याचा फरक पडला तर मिशा उतरवीन. टाळ्या थांबेनात.

१९ जानेवारी
उजवीकडे पोपट. हा को-पायलट अखंड बोलतो म्हणून हे नाव. सर, हेडिंग बघता ना, दिशा सरकतेय. सर, चाकं वर घेऊ? सर, थोडं डावीकडे. सर, अजून थोडं. डोकं उठलं. शेवटी सांगितलं, फक्त चेकलिस्ट बोला, बाकी बडबड नको. तरी लँडिंगपर्यंत चालूच.
लँडिंग मात्र लोण्यासारखं. हात आहे एकेकाचा.

१२ फेब्रुवारी
एचआरच्या बाईंबरोबर पहिली बैठक. मी टेबलावर मूठ आपटून अठरा म्हणालो. बाईंनी शांतपणे पाणी दिलं आणि विचारलं, बावीस वर्षं विमान सांभाळणाऱ्याला आणि शेजारी बसून बडबड करणाऱ्याला एकच वाढ, हे तुमच्या मनाला पटतं का?
बडबडीचं यांना कसं कळलं? बाईंना माणसं कळतात.
घरी लेक आली होती. सातवा महिना. म्हणाली, वाढ झाली की हे सुट्टीच्या दिवशी उडायचं बंद करणार आहेत, बाळंतपणाला घरी थांबणार आहेत. मी म्हणालो, बाप बसलाय ना बोलणीला!

२६ फेब्रुवारी
बाईंचा आकडा : डावी सीट अठ्ठावीस, उजवी चार. मी सरळ नकार दिला. ताणून धरलं. उजवीकडच्यांना साडेचार तरी हवेत म्हणालो. बाई हसल्या. चार राहिले. पण बोलणी चुरशीची झाली.

बाई म्हणाल्या, अठ्ठावीस संचालकांच्या गळी उतरवायला काहीतरी कारण हवं. कलम मीच सांगितलं, तिथल्या तिथे : डाव्या सीटचा पगार डावीकडे बसेल त्यालाच. सिम्युलेटरच्या सहामाही परीक्षेत जो कॅप्टन नापास होईल तो निदान वर्षभर उजवीकडे बसेल आणि उजवीकडचाच पगार घेईल. ऐतखाऊंना चाप! बाईंनी शब्दन् शब्द उतरवून घेतला. तुमच्यासारखे आणखी चार असते तर, म्हणाल्या.

२ मार्च
सही केली. पेन बाईंनी ठेवून घ्यायला सांगितलं.

३ मार्च, दुपार
सभा. मी समजावून सांगितलं की समान वाढ म्हणजे न्याय नव्हे. न्याय म्हणजे ज्याचं त्याला. डावीकडच्यांना पटलं. उजवीकडचे मख्ख. मागून कोणीतरी मिशांचं विचारलं. असल्या फालतू प्रश्नांना मी उत्तर देत नाही. उन्हाळ्यात बघू.
जावई शेवटी जवळ आला. थँक यू, कॅप्टन, म्हणाला. एरवी बाबा म्हणतो. चारचौघांत हुद्द्याने हाक मारली, बरं वाटलं.

१५ मार्च
कमाल झाली. उजवीकडचे सगळे एकदम शिस्तीत! चेकलिस्टमधले शब्द सोडून अवाक्षर नाही. नमस्कार नाही, चहा विचारणं नाही, सर थोडं डावीकडे नाही. पुस्तकात आहे तेवढंच. पोपटसुद्धा गप्प. तीन दिवस, अकरा फ्लाइट्स, कॉकपिटमध्ये पिन पडली तर ऐकू येईल.
बायको म्हणाली, अहो, त्यांनी तुमच्याशी बोलणं टाकलंय. हिला शिस्त काय कळणार?
(दोन लँडिंगं जरा दणकून झाली. वारा.)

२८ एप्रिल
नात झाली! लेकीला सकाळीच दवाखान्यात न्यावं लागलं. जावई आकाशात. आज सुट्टी असूनही ड्यूटी घेतली होती. चार टक्क्यांत भागत नाही, असं बायकोचं म्हणणं. मला वाटतं, नियोजन नाही. उतरल्यावर फोन सुरू केला तेव्हा त्याला कळलं. तसाच युनिफॉर्ममध्ये धावत आला. मी खांद्यावर हात ठेवायला गेलो तर तो नेमका दाराकडे वळला.
नातीला घ्यायला हात पुढे केले. लेक नर्सला म्हणाली, आईकडे द्या. मग डोळे मिटून घेतले. थकली असणार.

९ जून
उद्या सिम्युलेटर. पुस्तक काढून उशाशी ठेवलंय. चाळायची गरज नाही. बावीस वर्षं दर सहा महिन्यांनी पास होतोय. जोडीला पोपट. बरं झालं, आता बडबड करत नाही.

१० जून
यंत्र बिघडलेलं होतं.

११ जून
सविस्तर लिहितो, म्हणजे अपील करताना उपयोगी पडेल. टेकऑफनंतर एक इंजिन बंद पडलं. नेहमीचंच. मी पुढचं काय ते आठवत होतो. पोपट म्हणाला, हेडिंग. मी आठवत होतो. पोपट म्हणाला, हेडिंग. मग आय हॅव कंट्रोल म्हणून विमान हातात घेतलं! पुस्तकात तसं आहे म्हणे, दोनदा सांगायचं आणि मग ताबा घ्यायचा. पण बावीस वर्षांत माझ्याकडून कोणी ताबा घेतला नव्हता. सात-आठ वेळा सर, थोडं डावीकडे म्हणायला याच्या बापाचं काय जात होतं?
परीक्षकाने कागदावर रेघ मारली. बाहेर पोपटाने दार उघडून धरलं.
एसी फार होता. बूटही नवे होते.

२४ जून
अपिलासाठी बाईंकडे. पाणी मिळालं नाही. म्हणालो, कलमाचा हेतू तसा नव्हता, ते ऐतखाऊंसाठी होतं. बाईंनी कागद फिरवून माझ्यासमोर ठेवला. खाली माझी सही, त्याच पेनची. म्हणाल्या, इतकं स्पष्ट कलम आमच्या वकिलांनाही सुचलं नसतं. निदान अनुभवी उजव्या सीटला वेगळी वाढ द्या, म्हणालो. त्यासाठी तुमच्या प्रतिनिधीला पाठवा, म्हणाल्या.
प्रतिनिधी आता पोपट आहे.

६ जुलै
मिशा काढल्या. कोणी ओळखू नये म्हणून. सगळ्यांनी ओळखलं.

१४ सप्टेंबर, संध्याकाळ
डावीकडे जागा रिकामी झाली म्हणून यादीतला पुढचा माणूस कॅप्टन झाला. जावई. आज त्याची फ्लाइट, उजवीकडे मी. आनंदच आहे. घरचाच माणूस.
चेकलिस्ट मी वाचली, उत्तरं त्याने दिली. ढगांच्या वर आल्यावर विचारलं, बाळ पालथं पडायला लागलं का? फोटो तरी दाखवा. तो समोर काचेकडे बघत होता. म्हणाला, फक्त चेकलिस्ट बोला.
लँडिंग सुरेख. मला एकदाही काही सुचवावं लागलं नाही. उतरून तो लगेच घरी गेला. आता सुट्टीच्या दिवशी उडत नाही.
मी ऑफिसात थांबलो. रविवारी माझी सुट्टी आहे. जादा ड्यूटीचा फॉर्म भरून दिला.