आजीला फुंकून दाखव

तीर्थरूप आईस,
लेकीचा आणि नातीचा नमस्कार.

आधी चांगली बातमी. चिमणीचा दमा आटोक्यात आहे. काल दवाखान्यात तिच्या श्वासाची तपासणी झाली. नळीत फुंकलं, की आत श्वासनलिकांना किती सूज आहे ते यंत्र आकड्यात सांगतं. सुई नाही, रडारड नाही.

पण पहिल्यांदा सगळं फसलं. दर रविवारी फोनवर तू "आजीला फुंकून दाखव" म्हणतेस ना, तशी ही बया गाल फुगवून जीव खाऊन फुंकत सुटली! यंत्र काही केल्या आकडा दाखवेना. तपासणाऱ्या बाई हसल्या. "वादळ नको गं. गरम दुधावर घालतेस तशी सावकाश फुंकर घाल." मग जमलं. आकडा कमी आला, म्हणून डॉक्टरांनी पंपाचा डोस थोडा उतरवला.

मी विचारलं, "मागच्या वेळीही ती मजेत खेळत होती, तरी औषध का वाढवलंत?"

"खोकला नसला तरी आत सूज असू शकते. बरं वाटतं म्हणून बरं असतंच असं नाही."

तेव्हापासून तू डोळ्यांसमोर आहेस. "मी ठणठणीत आहे" म्हणताना हल्ली तू मध्येच थांबतेस. तुझा रोजचा पंप "लागला तर घेईन" म्हणून कपाटातच आहे ना? खरं सांग, नाहीतर वहिनीला विचारते.

या रविवारी चिमणी फुंकणार नाही. तू फुंक. सावकाश, सलग. मी कान लावून बसते.

तुझीच,
धाकटी