मुक्या तारांची बेस गिटार

नेसेट, ६ एप्रिल १९९४

चि. मॅर्ता हिस दादाचा आशीर्वाद. वि. वि. पत्रास कारण तुझा लेक.

येर्कर शनिवारी येऊन गेला. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमहून आणलेली आठ तारांची बेस गिटार माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवून तो असा उभा राहिला, जणू अस्वल मारून आणलंय. मॅर्ता, त्याला कोणीतरी गंडवलंय. रंग माझ्या जुन्या गिटारीचाच लाल, खुंट्याही आठ. आपल्याच खोऱ्यातल्या कारखान्याची आहे हेही मी मानतो. पण आवाज? जाड तारा बोलतात आणि त्यांच्या जोडीच्या चार बारीक तारा मुक्या. दाबल्या की हलतात, तेवढंच. वरच्या सप्तकातली ती झणझण, जिच्यासाठी लोक पलीकडच्या खोऱ्यातून सायकली मारत यायचे, तिचा पत्ता नाही. मग साधी चार तारांची काय वाईट?

मी हे त्याला सांगितलं तर म्हणतो, मामा, मला तर ऐकू येतंय. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या माणसाला काय ऐकू येणार! त्याला नकाशात नॉर्वे सापडला यातच मी समाधान मानतो.

गावच्या पार्कवाल्यांनी जूनअखेरच्या मिडसमर सणाच्या नाचाला आपल्या बँडला बोलावलंय हे तुला माहीत आहेच. माझी गिटार सुंड्सवालला चोरीला गेली त्यानंतर मी त्या स्टेजवर चढलेलो नाही. आता चढलो तर तशाच गिटारीसह, नाहीतर नाही. आपल्या तिघांतला फोल्के गेला, तू आणि मी उरलो. या वयात फजिती झाली तर ती पुसून काढायला पुढचं वर्ष मिळेलच असं नाही. मला रात्री झोप नाही.

पोटदुखी थोडी कमी. कळावे. माया आहे तेवढी राहू दे.
तुझा दादा,
सिक्स्टेन

ओरेब्रू, १५ एप्रिल

ती. दादास मॅर्ताचा सा. न.

पत्र वाचलं आणि येर्करला वाचून दाखवलं. तो हसला. त्याच्या जागी मी असते तर गिटार परत नेऊन नदीत टाकली असती. हिवाळाभर त्या पोराने (पोरगा कसला, शेहेचाळीस वर्षांचा आहे) जाहिराती धुंडाळल्या, दुकानदारांच्या मिनतवाऱ्या केल्या, रजा टाकून बर्फातून गाडी हाकली. आणि तू त्याच्यापुढे साधी कॉफीसुद्धा ठेवली नाहीस म्हणे. आईने तुझे कान उपटले असते.

गिटार तुझ्याकडे आणण्याआधी त्याने इथे वाजवली होती. त्याला वाजवता येत नाही, तरी माझ्या अंगावर काटा आला. दादा, ती अगदी तशीच वाजते. तारा जुन्या वाटत असतील तर नव्या लाव.

आणि फोन उचलत जा. मी रोज करते. वाजून वाजून थकतो तो. तू कुठे असतोस? आस्ताकडे?

तब्येत सांभाळ. ओढ असू दे.
मॅर्ता

नेसेट, २८ एप्रिल

चि. मॅर्ता हिस आशीर्वाद.

आस्ता शेजारी राहते म्हणून तिचं नाव घेऊन मला चिडवायचं हा तुझा धंदा जुना आहे. मी घरातच असतो. टेलिफोनवाल्यांनी जुना काळा फोन नेऊन हा राखाडी डबा दिलाय, तो वाजतच नाही. जुन्याची घंटा गोठ्यापर्यंत जायची. आजकाल कोणालाच काही धड बनवता येत नाही.

तारा बदलल्या. नव्याही मुक्या. मी कान लाकडाला टेकवून पाहिला. जाड तार दाढेत घुमते, बारीक तार नावालाही नाही. म्हणजे दोष तारांत नाही, लाकडात आहे. लाकूड मेलंय. नॉर्वेत कोणीतरी तळघरात ओलीला ठेवली असणार, आणि येर्कर दिसला तेव्हा त्याला वाटलं असणार, चला, गिऱ्हाईक आलं.

येर्करला सांग, दुसरी शोध. नसेल जमत तर तसं म्हण, मी पार्कवाल्यांना नकार कळवतो. ते तरी बरंच. यंदा सगळंच मेल्यासारखं आहे. बर्फ फुटला, पण परसातल्या सुरूवर पाखरू बोलत नाही. जंगलखात्याने काय फवारलंय देव जाणे.

इकडे ठीक म्हणायचं. जिव्हाळा ठेव.
सिक्स्टेन

ओरेब्रू, २४ मे

ती. दादास सा. न.

तुझ्याकडून परत येऊन तीन दिवस झाले. तोंडावर बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून लिहिते. रागावलास तरी शेवटपर्यंत वाच.

मी तिथे असताना दुपारी तू मला राखाडी डबा दाखवून टेलिफोनवाल्यांना शिव्या घालत होतास, तेव्हा येर्कर इथून फोन करत होता. मीच त्याला तसं सांगून ठेवलं होतं. फोन तुझ्या डोक्यामागे किंचाळत होता, दादा, आणि तू मला सांगत होतास की तो मेलाय. परसातल्या सुरूवर पाखरांनी नुसता गोंधळ घातला होता. आणि तू ती गिटार घेतलीस, आपला जुना नाचाचा वॉल्ट्झ वाजवलास, आणि मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले, कारण मला रडू आलं होतं. आठही तारा वाजत होत्या. तू मान हलवून म्हणालास, बघ, मुकी आहे.

लाकूड मेलेलं नाही. तुझे कान वरचा आवाज घेत नाहीत. म्हाताऱ्या माणसांचं असं होतं, मी विचारलं तेव्हा इथला डॉक्टर म्हणाला. मुकी कोणी नाही तिथे. बहिरा एकजण आहे.

येर्करने दुसरी गिटार शोधायची नाही असं मी त्याला बजावलंय.
मॅर्ता

नेसेट, ३० मे

मॅर्ता हिस,

मला पलीकडच्या शेतातल्या राग्नारचा ट्रॅक्टर ऐकू येतो. चर्चमधला बाजा ऐकू येतो. तू इथे निजलीस तेव्हा भिंतीपलीकडून तुझं घोरणं ऐकू आलं. बहिऱ्याला हे ऐकू येतं का? तुमच्या डॉक्टरला विचार. तोही भूगोलच शिकला असेल.

मला फसवण्यासाठी भाऊबहिणीच्या गप्पांच्या वेळी फोन लावून ठेवायचा, ही कुठली रीत? पार्कवाल्यांना तूच कळव, मी येत नाही.
सिक्स्टेन

ओरेब्रू, ६ जून

ती. दादास,

कळवलं. त्यांनी मूरा गावचा एक पोरगा ठरवलाय. चार तारांची गिटार आहे आणि तालात ढिला आहे म्हणतात. मी त्याच्यासोबत अ‍ॅकॉर्डियन वाजवीन, लोक नाचतील, आणि तू घरी खिडकीत बसून लाकडाला नावं ठेव. तुझं काही अडत नाही.

फक्त एक कर. माझ्यावर विश्वास नाही ना? येर्करवर नाही, डॉक्टरवर नाही. मग आस्ताला बोलाव. ती कोरसमध्ये गाते आणि आयुष्यात तिने तुझी खुशामत केलेली नाही. ती काय म्हणते ते ऐक.

उत्तर आलं तर बरं वाटेल.
मॅर्ता

नेसेट, १४ जून

चि. मॅर्ता हिस दादाचा आशीर्वाद. वि. वि.

आस्ता काल वेलदोड्याचे पाव घेऊन आली. मी काही न सांगता वॉल्ट्झ सुरू केला. चार सुरांत तिने हात वर केला. म्हणाली, अरे मेल्या, थांब, तिसऱ्या जोडीतली बारीक तार मांजराचं शेपूट दारात सापडल्यासारखी ओरडतेय, आणि तू तोंड वर करून कसला वाजवतोस?

मला ती तार ओरडताना ऐकू आली नाही. ओरडणं सोड, ती बोलतानाही ऐकू आली नाही.

मी खुंटी पिळत गेलो आणि ती सांगत गेली, अजून, अजून, जरा मागे, मागे म्हटलं ना गाढवा. चारही तारा तशा लावल्या. कॉफी निवून गेली. मग वाजवलं. माझ्या कानी पूर्वीसारखंच, जाडंभरडं. पण तिने पाव खाली ठेवला. उठली. तिचा गुडघा तुला माहीत आहे, तरी टेबलाला धरून फेर धरला, आणि खालचा ओठ दाताखाली, जसा ती तरुणपणी नाचताना धरायची. मी तिच्या पायांकडे बघत वाजवत राहिलो. मॅर्ता, पाय खोटं बोलत नसतात.

मूराच्या पोराला नको म्हणून सांग. तालात ढिला माणूस आपल्या स्टेजवर चढणार नाही.

आता अडचण ऐक. त्या बारीक तारा दोन गाण्यांत उतरतात, आणि उतरल्या हे मला कळणार नाही, साऱ्या गावाला कळेल. आस्ताला विचारलं, तर म्हणाली मी नाचायला येणार आहे, तुझ्या खुंट्या पिळायला नाही. तेव्हा येर्करला पाठव. माझ्या डाव्या बाजूला उभा राहू दे आणि दर गाण्याच्या मधे त्याने तारा लावाव्यात. त्याचा कान बरा आहे, असं दिसतं. लोकांनी विचारलं तर सांगायचं, भाचा हौशी आहे, हट्ट धरून बसला, म्हणून मामाने हात लावू दिला. त्याला हसू नकोस म्हणावं. आणि आदल्या दिवशीच ये म्हणावं, कॉफी ठेवतो.

दोघांवर जीव आहे. तो कमी होऊ देऊ नका.
तुझा दादा,
सिक्स्टेन